कायद्याच्या मास्तरांचा अर्धा तास

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या मैत्रिणींच्या २५ डिसेंबरच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मैत्रिणींनो,

मला आमंत्रण द्यायला आलेल्या मुलींनी विचारलं, "ताई, विषय काय लिहू पत्रकात?" मी म्हटलं, "बाबासाहेबांची नोकरी आणि बाबासाहेबांचे छंद." मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक धीट होती. म्हणाली, "ताई, आज मनुस्मृती जाळली तो दिवस. आपण तो स्त्रीमुक्तीचा दिवस म्हणून पाळतो. आणि तुम्ही छंद काय सांगताय?"

तिचा प्रश्न बरोबर होता. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जे झालं ते तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. तुमच्यातल्या कितीजणी लहानपणापासून ते गाण्यातून ऐकत आल्या आहेत. पण मला नेहमी वाटतं, की आपण बाबासाहेबांना फार उंचावर नेऊन ठेवलंय. चौकातला पुतळा, हातात पुस्तक, बोट वर. त्या पुस्तकासाठी या माणसानं वेळ कुठून काढला? घर कशावर चाललं? घर कुणी चालवलं? हे प्रश्न पुतळ्याला विचारता येत नाहीत, माणसाला येतात. आणि ते आपल्या कामाचे प्रश्न आहेत, म्हणून मी ते आज विचारणार आहे.

माझी ओळख करून देताना "वकीलबाई" म्हणाल्या. मी वकील झाले ती एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याआधी एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळचं लॉ कॉलेज, मग ऑफिस, संध्याकाळी अंबरनाथची गाडी. घटनेचं पुस्तक मी ठाणे ते अंबरनाथ उभ्यानं वाचलंय. एकदा एका बाईनं विचारलं, "कसली पोथी वाचता?" मी म्हटलं, "आपली." तेव्हापासून कायदा शिकवणारा माणूस हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय झाला.

बाबासाहेब कायद्याचे मास्तर होते, हे आपण विसरतो. वकील म्हणतो, मंत्री म्हणतो, घटनेचे शिल्पकार म्हणतो. पण पोटासाठी त्यांनी जी कामं केली त्यात शिकवणं हे मोठं काम होतं. सुरुवात कायद्यानं झाली नाही. १९१८ साली ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुलं त्यांचं शिकवणं मन लावून ऐकत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायलेलं काही सहकाऱ्यांना चालेना. विद्यार्थ्यांना ज्ञान चालतं आणि प्राध्यापकाला पाणी चालत नाही, अशी ती नोकरी. १९२० साली ती सोडून ते अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले.

लंडनमध्ये एकीकडे अर्थशास्त्राची पदवी आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. एका गुजराती ओळखीच्या गृहस्थांनी दिलेले पापड होते ते. इथे कॅम्पातल्या ज्या बहिणी पापड लाटतात त्यांना मी मुद्दाम सांगते. घटना लिहिणाऱ्या माणसाच्या अभ्यासाला पापडाचा आधार होता. ते पापडही कुठल्यातरी घरात कुणीतरी बाईनंच लाटले असणार. तिचं नाव कुठल्या चरित्रात नाही.

१९२३ साली ते परत आले आणि हायकोर्टात वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार सहजी येत नव्हते. म्हणून १९२५ पासून तीनेक वर्षं बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या शिक्षणसंस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. अर्धवेळ. आपल्यातल्या किती जणी शिकवण्या घेऊन घर चालवतात! तसंच ते.

याच दिवसांतली एक गोष्ट बदलापूरकरणींसाठी. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि दीड महिन्यानं, मे १९२७ मध्ये, बाबासाहेब तुमच्या बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले. तेव्हा बदलापूर म्हणजे रेल्वेकाठचं लहान गाव. आज आपण ज्या फलाटावर चेंगरतो त्या वाटेनं कायद्याचा हा मास्तर आला, शिवाजीमहाराजांवर बोलला आणि परत जाऊन व्यापारी कायद्याचा तास घेऊ लागला. मला हे फार आवडतं. मोठं काम आणि रोजचं काम एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात असतं. आपलंही तसंच असतं की! सकाळी मोर्चा आणि संध्याकाळी रेशनची रांग.

जून १९२८ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. आणि पुढच्याच महिन्यात, २८ जुलैला, मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलायला उभे राहिले. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणात भरपगारी विश्रांती मिळावी असं ते विधेयक. तो भार मालकावर कशाला, असं विरोधकांचं म्हणणं. बाबासाहेबांनी मास्तरांसारखी मांडणी केली. आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा सरकारनं भार उचलायला हवा हे खरं. पण त्या बाईच्या श्रमातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यानंही वाटा उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशाचा झाला आणि २०१७ साली ही रजा २६ आठवड्यांची झाली. आणि आपल्या उल्हासनगरात जीन्सचे दोरे कापणारी, नगावर पैसे घेणारी बाई? तिचा मालक कोण हेच कागदावर नाही. तर मग रजा कुणाकडे मागायची? ९० वर्षांहून जुना युक्तिवाद आहे, पण तिच्या दारापर्यंत तो अजून पोचलेला नाही.

१९३४ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरले. पण लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणानं बोलण्याचा हक्क कोर्टात मांडला गेला. जून १९३५ मध्ये ते त्याच सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत होते. प्राचार्य असताना कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर त्यांनी कॉलेजच्या मासिकात लेखही लिहिला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मजूरमंत्री, घटना समिती, कायदेमंत्री. आणि सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून राजीनामा. बायकांच्या वारसाहक्कासाठी आणि घटस्फोटासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारा दुसरा कायदेमंत्री मला माहीत नाही. ते बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी १९५५ आणि १९५६ मध्ये मंजूर झालं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा महाराष्ट्रात मिळाला १९९४ मध्ये, साऱ्या देशात २००५ मध्ये.

ही झाली नोकरी. आता छंद.

पहिला छंद पुस्तकांचा. तो तर साऱ्या जगाला माहीत आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्या होत्या. एकीत संसार, दुसरीत अभ्यास. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. शिवाय चांगल्या पेनांची हौस. कुत्र्यांची माया. बागेची आवड. आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला शिक्षक लावला, चित्रं काढून पाहिली. लहर लागली तर स्वयंपाकघरात जाऊन स्वतः रांधायचे. त्यांच्या दुसऱ्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर यांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मकथन १९९० मध्ये आलं. ते वाचलं तर घरातला हा माणूस भेटतो. एवढं काम करणारा माणूस हातात व्हायोलिन घेऊन विद्यार्थ्यासारखा बसलेला डोळ्यांपुढे आणा. मला तर त्या चित्रानं हिंमत येते. शिकण्याचं वय संपत नाही.

पण मैत्रिणींनो, आता मी अवघड ठिकाणी येते.

छंद म्हणजे काय? छंद म्हणजे आपल्या मालकीचा वेळ. नुसती आवड असून छंद होत नाही. आवड तुमच्या-माझ्या आयांनाही होती. माझ्या आईला चित्रं काढायची आवड होती. ती रांगोळीत भागवली, कारण रांगोळी कामात धरली जायची. कागदावर काढली असती तर "रिकामटेकडी" म्हणाले असते. वेळ कुणाच्या मालकीचा, हा कायद्याइतकाच मोठा प्रश्न आहे.

बाबासाहेबांना हे कळत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. 'बहिष्कृत भारत'मध्ये फेब्रुवारी १९२८ च्या एका अग्रलेखात त्यांनी स्वतःच्या पत्नीबद्दल लिहिलंय. आपण परदेशी असताना संसाराचं ओझं तिनं वाहिलं, परतल्यावरही विपन्नावस्थेत शेणाचे भारे डोक्यावरून आणायला तिनं कमीपणा मानला नाही, आणि अशा बायकोच्या सहवासात दिवसाच्या २४ तासांतला अर्धा तासही आपल्याला घालवता आला नाही. ही कबुली त्यांनी जाहीरपणे, छापून दिली. १९२८ साली कुठल्या नवऱ्यानं असं लिहिलं असेल?

अर्धा तास! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले.

रमाबाईंचं लग्न लहान वयात झालं. पाच मुलं झाली, त्यातली चार गेली. नवरा परदेशी असताना त्यांनी घर ओढलं. 'राजगृह' उभं राहिलं, पण तिथलं सुख त्यांना फार दिवस लाभलं नाही. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. आणि नवरा लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला तो त्यानंतर जेमतेम आठवड्याभरात. चरित्रात या दोन तारखा दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. एक "कौटुंबिक", दुसरी "कारकीर्द". आपण बायका मात्र त्या शेजारी ठेवून वाचतो, कारण आपल्याला माहीत आहे की कारकीर्द घरातूनच निघते. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला. पण रमाबाईंचा छंद काय होता? मी बरंच वाचलं, कुठे सापडला नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं, चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन विचारून. तोवर त्या बायकांना कुणी नीट विचारलंच नव्हतं. विचारल्याशिवाय इतिहासात येत नाही बाई.

काहीजणींना वाटेल, ताई बाबासाहेबांना दोष देतात. नाही. मी त्यांच्याच अग्रलेखाचा धागा पुढे ओढते आहे. ज्यानं कबुली दिली त्याच्याकडूनच पुढचा प्रश्न विचारायचं बळ मिळतं.

आता एक अनुभव सांगते. नाव सांगणार नाही, तिनं तशीच परवानगी दिली आहे. माझ्याकडे कॅम्पातली एक बाई आली. नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. पोटगीचा अर्ज केला. तेव्हा १२५ कलम म्हणायचो. जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झालंय, लक्षात ठेवा. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही दुपारी पेटी शिकायला जात होता, खरं की नाही?" ती म्हणाली, "खरं." "किती वेळ?" "अर्धा तास." वकील कोर्टाकडे वळून म्हणाले, "नवऱ्याच्या घरी छळ होता म्हणते, आणि पेटी वाजवायला वेळ होता!" कोर्टात लोक हसले. ती खाली मान घालून उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी.

माझी पाळी आली तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही संध्याकाळी काय करता?" म्हणाला, "कॅरम खेळतो." "किती वेळ?" "दोन-तीन तास." मी म्हटलं, बस. मला एवढंच विचारायचं होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

पोटगी मिळाली, हवी तेवढी नाही. मग स्त्रीधनाचा अर्ज. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली स्त्रीधन परत देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट करू शकतात. यादी करायला बसलो. मला वाटलं, आधी बांगड्या, कपाट, भांडी सांगेल. तिनं पहिलं नाव घेतलं पेटीचं. मी म्हटलं, "अगं, सोनं आधी लिहू." ती म्हणाली, "ताई, सोनं आईनं दिलं. पेटी मी दोरे कापून घेतली." मी पहिल्या ओळीवर पेटी लिहिली. पेटी परत आली तेव्हा भाता फाटलेला होता. तिनं तो शिवून आणला. मला त्या दिवशी कळलं, की मी वकील असूनसुद्धा तिच्या छंदाला सोन्याच्या खाली लिहिणार होते.

आणखी एक बोलल्याशिवाय मी खाली बसू शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. तक्रार घ्यायला उशीर झाला याचा संताप होता. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, कितीतरी तास गाड्या बंद होत्या. आपल्यातल्या अनेकजणी त्यात होत्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. आमच्या कायद्याच्या वर्गाला एक मैत्रीण पेढे घेऊन आली. माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाऊ शकले नाही आणि टाकूही शकले नाही. तिची मुलगीही त्याच वयाची आहे, तिच्या मनातली भीती मला कळत होती.

मी तिला मथुरेची गोष्ट सांगितली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, पोलीस चौकीत अत्याचार, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हा कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या वसुधा धागमवार, १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रातून गावोगाव बायकांचे मोर्चे उठले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. तिथे बाईनं संमती नव्हती म्हटलं तर कोर्टानं ते आधी खरं धरायचं, असं ठरलं. गोळीनं एक माणूस मरतो. खटल्यात प्रश्न विचारले जातात: कुणाची जबाबदारी होती, कुणी उशीर केला, कुणी झाकलं. आरोपीच गेल्यावर त्याच्यावरचा खटला उभा राहत नाही, आणि त्यातून जे बाहेर आलं असतं ते आतच राहतं. ती मैत्रीण गप्प बसली. पटलं असं म्हणाली नाही. पण पुढच्या आठवड्यात वर्गाला आली. मला तेवढं पुष्कळ आहे.

आता शेवटचं. आपण तिन्ही गावांत कायद्याचे वर्ग सुरू करतो आहोत, आठवड्यातून एकदा. पहिला तास कायद्याचा. पोटगी, वारसा, रेशन, तक्रार कशी लिहायची आणि तिची प्रत कशी मागायची. शेवटचा अर्धा तास मात्र कशाचाच नाही. ज्या बाईला जे आवडतं ते तिनं करायचं. गाणं, विणकाम, चित्र, वाचन, नाहीतर नुसतं बसणं. एक संघटक म्हणाल्या, "ताई, त्या अर्ध्या तासाचा अहवालात काय उपयोग दाखवायचा?" मी म्हटलं, "उपयोग नाही असंच लिहा."

घरी विचारतील, कुठे निघालीस? "ताईंनी बोलावलंय" असं सांगू नका. "मीटिंग आहे" असंही नको. "माझा अर्धा तास आहे" असं सांगा. पहिल्या दिवशी भांडण होईल. दुसऱ्या दिवशी टोमणा येईल. तिसऱ्या आठवड्यात मूल विचारेल, "आई, तुझा अर्धा तास कधी आहे?" तेव्हा समजा, की घरातली एक छोटी मनुस्मृती जळली.

जय भीम. जय सावित्री.